फोटो दाखवावा कसा, बघावा कसा आणि त्यावर बोलावं काय: हौशी छायाचित्रकारांच्या गटासाठी

हौशी छायाचित्रकारांच्या गटात एकमेकांच्या फोटोंवर बोलणं बहुतेक वेळा दोन टोकांना जातं. एकीकडे अंगठे, फुलं आणि ‘भारी आलाय’. दुसरीकडे एखादा जाणकार एकदा सुरू झाला की अर्धा तास थांबत नाही. दोन्हींतून फोटो काढणाऱ्याच्या हाती फारसं काही लागत नाही. उपयोगाचा अभिप्राय ऐकला की पुढच्या रविवारी नेमकं काय वेगळं करायचं ते कळतं: दोन पावलं डावीकडे सरकायचं, शटरचा वेग १/१२५ सेकंदावरून १/५०० ला न्यायचा, ऊन कलेपर्यंत थांबायचं. त्या वाक्यापर्यंत कसं पोचायचं, ते इथे क्रमाने मांडलं आहे.

एकत्र बसून फोटो बघायची रीत आपल्याकडे नवी नाही. मुंबईत १८५४ सालीच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी तिचे सभासद होते. आज हाताशी पडदा मोठा आहे आणि फोटो हजारो आहेत. नेमकी तीच अडचण आहे, म्हणून सुरुवात निवडीपासून.

दाखवण्याआधी

ज्या दिवशी काढला त्या दिवशी फोटो दाखवू नका. गड चढून आल्यावर त्या फोटोत चढण, वारा, भिजलेले बूट सगळं दिसत असतं; बघणाऱ्याला त्यातलं काहीच दिसत नाही. आठवडाभर फोल्डर बंद ठेवा, मग निवडा. एका बैठकीला माणशी दोन फोटो पुरे. सहा जणांचा गट, दोन-दोन फोटो, प्रत्येक फोटोला आठ मिनिटं, म्हणजे शहाण्णव मिनिटं. चहा धरून दोन तास. याहून जास्त फोटो ठेवले की शेवटच्या दोघांच्या वाट्याला दमलेले डोळे येतात.

दोनपैकी एक फोटो आवडता असावा आणि एक अडलेला. फक्त आवडते दाखवले तर कौतुक मिळतं, शिकायला मिळत नाही. अडलेला म्हणजे वाया गेलेला नव्हे. काहीतरी जमलंय पण काय कमी पडतंय ते कळत नाही, असा.

प्रत्येक फोटोबरोबर तीन गोष्टी तयार ठेवा. पहिली, क्रॉप न केलेली, म्हणजे कडा न कापलेली, मूळ फाइल. ‘डावीकडे थोडी जागा हवी होती’ असं कुणी म्हटलं तर ती जागा मुळात होती का, हे लगेच बघता येतं. दुसरी, त्याच प्रसंगातल्या आधीच्या आणि नंतरच्या दोन-दोन फ्रेम. पुष्कळदा चांगला क्षण शेजारच्या फ्रेममध्ये असतो आणि चूक फोटो काढण्यात नसून निवडण्यात झालेली असते. तिसरी, शटर, अ‍ॅपर्चर (लेन्सच्या तोंडाचा आकार), आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) आणि फोकल लेंथ (लेन्स किती लांबचं जवळ आणते) यांचे आकडे. ते फाइलमध्ये कॅमेऱ्याने नोंदवलेल्या एक्झिफ माहितीत असतात, पण आधी दाखवू नका. आकडे दिसले की लोक फोटो बघायचा सोडून आकड्यांवर बोलतात.

फाइल पाठवायची असेल तर जेपीईजी, एसआरजीबी रंगपट्टा, लांब बाजू २०४८ पिक्सेल, क्वालिटी ८५ च्या आसपास. अडोबी आरजीबी या दुसऱ्या रंगपट्ट्यात काढलेली फाइल काही फोनवर आणि टीव्हीवर फिकी दिसते आणि मग ‘रंग मेलेत’ असा अभिप्राय मिळतो, जो फोटोवरचा नसतोच. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा फोटो म्हणून टाकला तर तो लहान होतो, दाबला जातो आणि एक्झिफ निघून जातं. म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. डॉक्युमेंटबरोबर जागेचे जीपीएस आकडेही जातात. पक्ष्याचं घरटं, कुणाचं घर किंवा लहान मुलं फोटोत असतील तर ते आकडे आधी काढून टाका.

बघायची व्यवस्था

हे काम कंटाळवाणं वाटतं, पण निम्मे वाद इथेच मिटतात. हॉलमधल्या टीव्हीवर बघणार असाल तर पिक्चर मोड ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ असेल तो बदलून ‘मूव्ही’ किंवा ‘सिनेमा’ करा. शार्पनेस वाढवलेला असेल तर खाली आणा, नाहीतर झाडांच्या कडांना पांढरी रेघ येते आणि बिचाऱ्या छायाचित्रकाराला ‘एडिटिंग जास्त झालं’ असं ऐकावं लागतं. काही टीव्ही चारही कडा थोड्या कापून दाखवतात. सेटिंगमध्ये ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘जस्ट स्कॅन’ असा पर्याय असतो तो सुरू करा. कडांवर बोलायचं असेल तर कडा दिसायला हव्यात. लॅपटॉप आणि फोनवरचा रात्रीचा पिवळा फिल्टर बंद करा. पडद्यावर खिडकीचं प्रतिबिंब पडणार नाही असं बसा.

प्रिंट असेल तर ती खिडकीपाशी, पण थेट उन्हात नव्हे, अशी बघा. पिवळ्या एलईडी दिव्याखाली प्रिंटच्या रंगांवर बोलण्यात अर्थ नाही. परवडत असेल तर वर्षातून एखाद्या बैठकीला सगळ्यांनी आठ बाय बारा इंची प्रिंट आणाव्यात. पडद्यावर झाकल्या गेलेल्या गोष्टी कागदावर लपत नाहीत: काळोखात बुडालेले तपशील, वाकडं क्षितिज, आणि अति क्रॉप केल्याने आलेला भुसभुशीतपणा. चोवीस मेगापिक्सेलच्या ६००० बाय ४००० फ्रेममधून लांबी-रुंदीचा फक्त तिसरा हिस्सा ठेवला की २००० बाय १३३३ पिक्सेल उरतात, म्हणजे जेमतेम पावणेतीन मेगापिक्सेल. इंचाला ३०० पिक्सेल धरले तर ती प्रिंट सात इंचसुद्धा भरत नाही.

पहिलं मिनिट शांततेचं

फोटो पडद्यावर आला की एक मिनिट कुणीही बोलायचं नाही, आणि काढणाऱ्याने तर मुळीच नाही. ‘हा कासच्या पठारावरचा, धुकं फार होतं, त्यामुळे…’ इतकं बोलून झालं की बघणाऱ्यांची कोरी नजर गेली. ती एकदाच मिळते.

या मिनिटात प्रत्येकाने स्वतःशी तीन प्रश्नांची उत्तरं शोधायची आणि कागदावर लिहायची: नजर आधी कुठे गेली? तिथून कुठे फिरली? कुठे अडकली किंवा फ्रेमच्या बाहेर पडली? लिहायचं कारण सरळ आहे. पहिला बोलणारा ‘आकाश छान’ म्हणाला की बाकीच्यांनाही आकाशच दिसायला लागतं. गटात वयाने किंवा अनुभवाने मोठं कुणी असेल तर त्यांनी सर्वांत शेवटी बोलावं. नाहीतर ‘सर म्हणाले तेच’ यापुढे गाडी जात नाही.

नजर कुठे जाते हे कळत नसेल तर काही सोपे उपाय आहेत. डोळे किलकिले करून बघा, म्हणजे तपशील जाऊन उजेड-अंधाराचे मोठे तुकडे उरतात. फोटो अंगठ्याएवढा लहान करून बघा. आरशात दिसतो तसा डावा-उजवा उलटा करून बघा. सरावाने न दिसणारा कल लगेच जाणवतो. तात्पुरता कृष्णधवल करून बघा: चेहरा आणि मागची भिंत एकाच करड्या छटेची झाली, तर चेहरा रंगामुळेच उठून दिसत होता, उजेडामुळे नव्हे. आणि एकेक कोपरा हाताने झाकून बघा. झाकल्यावर काहीच बिघडत नसेल तर तो कोपरा तिथे कशाला आहे, हे विचारण्यासारखं आहे.

मिनिट संपलं की काढणाऱ्याने फक्त दोन वाक्यं बोलायची: मला काय दाखवायचं होतं, आणि मला कुठे अडतंय. ‘कसा वाटला?’ हा प्रश्न नको, कारण त्याला ‘छान’ याशिवाय सभ्य उत्तर नाही. ‘गर्दी दाखवायची होती, पण एकच माणूस दिसतोय का?’, ‘मागचा डोंगर असावा की नसावा?’ असं विचारलं की उत्तरही नेमकं येतं.

बोलताना

सुरुवात वर्णनाने करा, निकालाने नको. ‘माझी नजर आधी अमुक ठिकाणी गेली’ हे वाक्य कुणालाही खोडता येत नाही आणि कुणाला लागतही नाही. त्यानंतर काय जमलंय ते कारणासकट सांगा. ‘प्रकाश मस्त’ यातून काही मिळत नाही. ‘बाजूने आलेल्या प्रकाशामुळे आजींच्या हातावरच्या सुरकुत्या उठल्यात, म्हणून नजर हातावर थांबते’ यातून मिळतं, कारण तो माणूस पुढच्या वेळी बाजूचा प्रकाश मुद्दाम शोधेल. मग अडथळा सांगा, एकच किंवा फार तर दोन. शेवटी पुढच्या वेळी करून बघायची एक गोष्ट.

एक फोटो जवळून बघू. जेजुरीला सोमवतीचा भंडारा उधळतानाचा. मधोमध हात वर केलेला माणूस, मागे पायऱ्या आणि दीपमाळ, हवेत पिवळा धुरळा. गटात असे फोटो नेहमी येतात आणि त्यांवर ‘रंग काय आलेत!’ इतकंच बोललं जातं. नीट बघितलं तर वेगवेगळ्या चार गोष्टी दिसतात. नजर आधी उजव्या खालच्या कोपऱ्यातल्या निळ्या प्लास्टिकच्या पिशवीवर जाते, कारण सगळीकडे पिवळं असताना निळ्याचा छोटा तुकडाही ओरडतो. दुसरं, दीपमाळ थेट माणसाच्या डोक्यातून वर आल्यासारखी दिसते. तिसरं, फोकस चेहऱ्यावर नाही. पुढे उडालेल्या भंडाऱ्यावर आहे. चौथं, चेहऱ्यांवर आणि पांढऱ्या सदऱ्यांवर निळसर झाक आहे, कारण एवढं पिवळं बघून कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरं दिसावं म्हणून रंग आपोआप जुळवणारी सोय) ते कमी करायला गेला.

आता या चारही गोष्टी सारख्या नाहीत, आणि अभिप्राय देणाऱ्याची खरी कसोटी इथे आहे. निळसर झाक घरी बसून सुधारते. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) असेल तर एका स्लायडरचं काम, आणि पुढच्या वेळी व्हाइट बॅलन्स सरळ ‘डेलाइट’वर ठेवला की प्रश्नच येत नाही. पिशवी कदाचित क्रॉपने जाईल. पण दीपमाळ आणि फोकस तिथेच सुधारायला हवे होते. फोकससाठी रुंद क्षेत्राऐवजी एकच फोकस पॉइंट चेहऱ्यावर धरायचा, कारण रुंद क्षेत्र दिलं की कॅमेरा सहसा जवळचं आणि ठळक दिसणारं ते पकडतो. दीपमाळेसाठी अर्धं पाऊल बाजूला, किंवा गुडघ्यावर बसून खालून, म्हणजे डोकं आकाशावर येतं. चारही मुद्दे एका दमात सांगितले तर ऐकणारा एकही धरणार नाही. दीपमाळेचा सांगा, तो पुढच्या शंभर फोटोंना उपयोगी पडेल. बाकीचे त्याने विचारले तर.

म्हणून प्रत्येक अडथळ्याबरोबर हे स्पष्ट करा: हे घरी सुधारता येईल, हे जागेवर सुधारायला हवं होतं, की हे कुणाच्याच हातात नव्हतं. तिसऱ्या प्रकारावर वेळ घालवू नका. पाऊस आला, माणूस वळला, संपलं.

धूसर म्हणजे काय धूसर?

‘शार्प नाहीये’ हे गटातलं सर्वांत जास्त बोललं जाणारं आणि सर्वांत कमी उपयोगाचं वाक्य. फोटो शंभर टक्क्यांवर मोठा करून नेमकं कुठलं आणि कसलं धूसर ते बघा. सगळ्या फ्रेममध्ये, दिव्यांपासून दगडांपर्यंत, एकाच दिशेला ओढल्यासारख्या रेघा असतील तर हात हलला. मागची भिंत स्वच्छ आणि फक्त नाचणाऱ्याचे हात पुसट असतील तर विषय हलला. चेहरा मऊ पण मागच्या माणसाचा शर्ट कुरकुरीत असेल तर फोकस मागे गेला. सगळीकडे दुधाळ, काळा रंग काळा नाही, पण कडा ओढलेल्या नाहीत: पावसाळ्यात एसी गाडीतून थेट बाहेर आलेल्या लेन्सवर साचलेला दमट थर, किंवा समोरून येणारं ऊन.

प्रत्येकाचा इलाज वेगळा. हात हलत असेल तर शटर किमान एक भागिले फोकल लेंथ, आणि एपीएस-सी (लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर त्याच्या दीडपट वेगवान; म्हणजे २०० मिमीला १/३२० च्या खाली नको. लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप भरून काढणारी सोय) असेल तर इथे सूट मिळते. पण विषय हलत असेल तर स्टॅबिलायझेशन काहीही करत नाही: चालणाऱ्या माणसाला १/२५०, पळणाऱ्या मुलाला १/५००, उडणाऱ्या पक्ष्याला १/१६०० किंवा त्याहून वेगवान. ‘ट्रायपॉड घे’ हा सल्ला ढोल-ताशा पथकाच्या फोटोला दिला जातो, तेव्हा तो नेमका इथे चुकलेला असतो. आणि मुद्दाम पुसट केलेल्या हालचालीला चूक म्हणण्याआधी त्या माणसाने सुरुवातीला काय सांगितलं होतं ते आठवा.

उजेडाच्या बाबतीतही असंच. भिगवणला काळसर पाण्यावरचा पांढरा बगळा बहुतेकदा जळून जातो, कारण कॅमेरा पाणी उजळायला बघतो. तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय) उणे ०.७ ते उणे १. तोच बगळा पांढऱ्या आकाशावर उडाला की काळा पडतो. तिथे अधिक १ किंवा थोडं जास्त. ‘एक्स्पोजर चुकलंय’ एवढं बोलून भागत नाही. कुठल्या बाजूला आणि का, हे सांगावं लागतं. झेंडू आणि गुलालाच्या फोटोत आणखी एक फसवा प्रकार होतो: साधा हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) ठीक दिसतो, पण लाल चॅनल एकटाच उजव्या कडेला जाऊन आदळलेला असतो. पाकळ्या, पोत सगळं जाऊन सपाट रंग उरतो. तीन रंगांचा वेगळा हिस्टोग्राम बघितला तरच हे कळतं.

भाषा

वाक्याचा कर्ता फोटो असू द्या, माणूस नको. ‘तुम्ही कॅमेरा वाकडा धरलात’ ऐवजी ‘क्षितिज डावीकडे कललंय’. गटात कॉलेजातली पोरंही असतात आणि निवृत्त काकाही. काकांना चूक दाखवताना पोरं गप्प बसतात आणि पोरांना दाखवताना काका फार बोलतात. कर्ता फोटो केला की दोन्हीकडचं अवघडलेपण बरंच कमी होतं.

आवड आणि दोष वेगळे ठेवा. ‘मला इतका गडद रंग आवडत नाही’ ही आवड. ती ‘मला’ लावूनच बोला. ‘आकाशात रंगांचे पट्टे पडलेत’ हा दोष. तो कुणालाही दाखवता येतो. एक-तृतीयांशाचा नियम (विषय मधोमध न ठेवता फ्रेमच्या एक-तृतीयांश रेघेवर ठेवायचा) मोडला म्हणून फोटो चुकत नाही. मधोमध ठेवल्याने काय बिघडलं ते दाखवता आलं तर बोला, नाहीतर नियम बाजूला ठेवा. ‘मी असतो तर वाइड लेन्सने काढला असता’ हे तर बोलूच नका. तो तुमचा फोटो झाला असता. तसंच, न विचारता दुसऱ्याचा फोटो एडिट करून ‘हे बघ, असा हवा’ म्हणून पाठवू नका. फोटो ज्याचा आहे त्याचा हक्क तर त्यावर आहेच, शिवाय शिकण्याची संधीही त्याचीच होती.

एक प्रश्न मात्र संकोच न करता विचारायचा: हा फोटो मिळाला कसा? पिल्लं असलेल्या घरट्याच्या फार जवळून काढलेला, फांद्या कापून मोकळा केलेला, रडणाऱ्या माणसाच्या तोंडावर कॅमेरा रोखलेला. अशा फोटोची रचना कितीही सुंदर असो, त्यावर आधी याबद्दल बोलणं झालं पाहिजे. दाद देऊन गप्प बसलं की गट ती पद्धतच मान्य करतो.

ऐकताना

पहिली पाच मिनिटं उत्तर द्यायचं नाही. ‘तिथे जागाच नव्हती’, ‘पोलीस पुढे जाऊ देत नव्हते’ हे खरं असेल, पण फोटो बघणाऱ्याला ते दिसत नाही. वही काढा आणि तीन रकाने करा: त्यांना काय दिसलं, मला काय दाखवायचं होतं, पुढे काय करायचं. पहिला रकाना त्यांच्याच शब्दांत भरा. स्वतःच्या शब्दांत लिहायला गेलं की लिहिता लिहिताच बचाव सुरू होतो. बोलायचं असेल तर फक्त ‘कुठे?’ आणि ‘म्हणजे काय झालं?’ एवढंच विचारा. ‘जरा रिकामं वाटतंय’ म्हणणाऱ्याला पडद्याजवळ जाऊन बोट ठेवायला सांगा.

त्यानंतर छाननी. पाचांपैकी तिघांची नजर एकाच ठिकाणी अडली असेल तर तिथे काहीतरी आहे, तुम्हाला पटो वा न पटो. त्यावरचा त्यांचा उपाय मात्र तीन प्रकारचा असू शकतो: एक म्हणतो क्रॉप कर, दुसरा म्हणतो गडद कर, तिसरा म्हणतो कृष्णधवल कर. तिन्ही सोडून तुमचा चौथा उपाय योग्य ठरू शकतो. अडण्याची जागा त्यांच्याकडून घ्या, उपाय स्वतः शोधा. एकट्यालाच खटकलेली गोष्ट नोंदवून ठेवा आणि पुढे जा.

त्याच रात्री एडिटिंगला बसू नका. दोन दिवसांनी फोटोची वेगळी प्रत करून एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदलानंतर मूळ फोटोशेजारी ठेवून बघा. सगळे सल्ले एकदम लागू केले की कशाने सुधारला आणि कशाने बिघडला, काहीच कळत नाही.

वहीत दहाएक फोटो झाले की तिसरा रकाना सलग वाचा. तिथे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येते, बहुतेकांच्या बाबतीत येतेच: बॅकग्राउंड बघायचं राहतं, किंवा सगळे फोटो उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून, किंवा शटर कायम एक पायरी संथ. पुढचे दोन महिने तेवढ्या एकाच गोष्टीवर काम करा आणि गटालाही तसं सांगून ठेवा, म्हणजे तेही तेवढंच बघतील.

स्पर्धेतले गुण हा वेगळा मामला आहे. परीक्षकाला एका फोटोला काही सेकंद मिळतात आणि तुम्हाला काय दाखवायचं होतं हे त्याला माहीत नसतं. तिथला नकार या वहीत नोंदवायची गरज नाही.

भेट होत नसेल तर

गट पांगलेला असेल तर एका दिवशी एकाच माणसाचा एकच फोटो घ्या. फोनवरच्या मार्कअपने स्क्रीनशॉटवर एक, दोन असे आकडे टाकलेले गोल काढा आणि मिनिटभराच्या आवाजी निरोपात त्या आकड्यांबद्दल बोला. लिहिलेली टीका असते त्याहून कडक वाचली जाते; आवाजात आपुलकी ऐकू येते. सगळ्यांचे निरोप रात्री नऊपर्यंत यावेत आणि काढणाऱ्याने ते दुसऱ्या दिवशी सकाळी एकदम ऐकावेत, म्हणजे मधल्या मध्ये खुलासे सुरू होत नाहीत.

प्रत्यक्ष भेटीत शेवटची पंधरा मिनिटं राखून ठेवा ती मागच्या वेळच्या अडलेल्या फोटोंसाठी. जुना आणि पुन्हा काढलेला फोटो शेजारी-शेजारी लावा आणि फक्त मागच्या मुद्द्यावर बोला, नवे दोष काढू नका. दीपमाळेच्या फोटोला पुढच्या सोमवतीची वाट बघावी लागेल. तोवर तोच सराव रविवारच्या भाजीबाजारात करता येतो, कारण विक्रेत्याच्या डोक्यामागे बांबू तिथेही उभाच असतो.